घरातला आठवडा

तुमचा विश्वास बसायचा नाही, पण एके काळी माझ्या घरात अख्खा आठवडा नांदत होता. आमच्या पाड्यावर पोर ज्या वारी जन्मेल, त्या वाराचं नाव त्याला. थोरली सोमी, मग मंगळ्या, मग बुधी, असं करत सात. बायको शिस्तीची, एकही वार चुकवला नाही. अंगणात उभं राहून हाक मारली, की सोमवार ते रविवार धावत यायचे.

हे मी पाहणीला आलेल्या पोरीला सांगत होतो. ज्या पाड्यावर बाळं जास्त दगावलीत, तिथं कायमची नर्सबाई द्यायची, म्हणून ती घरोघर विचारत डोंगर चढून आली होती.

"सात मुलं. त्यातलं एकही दगावलं नाही, आजोबा?"

"दगावतंय कशाला? बुधी झोळीतून उतरून मोहाची फुलं वेचायची. शुक्र्यानं तर सहा महिन्यांचा असताना वाघाची मिशी ओढली. वाघ रडत गेला."

पोरगी हसली. मीही हसलो. बुधी नि शुक्र्या मला अजून अंगणात दिसतात. तिनं कागदावर शून्य काढायला पेन टेकवलं.

चुलीपाशी सुनेच्या पायांना तेल चोळणारी माझी म्हातारी उठली.

"खोटं बोलतोय हा. बुधी तापानं गेली, शुक्र्या जुलाबानं. दोघंही दवाखान्याच्या वाटेवर, माझ्या पाठीवरच्या झोळीत. तू दोन लिही, पोरी. सुनेला सातवा महिना लागलाय."