हात थरथरतो म्हणून

धाकट्या बहिणीने किडनी दिली, म्हणून शिंपीदादा पुन्हा मशीनवर बसू लागले. पण ती किडनी टिकवायच्या गोळ्यांनी हात असा थरथरायचा, की सुईत दोरा जाता जात नसे. मग ज्या दिवशी कोटाची काजं करायची असतील, त्या दिवशी सकाळची गोळी पाकिटातच राहायची. "एका गोळीने काय आभाळ कोसळतंय!" असं ते स्वतःलाच समजवायचे. रक्त तपासायची तारीख आली, की मात्र पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसे चार दिवस घड्याळ लावून गोळ्या घ्यायचे.

या वेळी डॉक्टरीणबाई रिपोर्ट बराच वेळ बघत राहिल्या.

"किडनी थकत चाललीय, दादा. गोळ्या चुकतात का?"

"छे हो! एकही नाही," दादा सवयीने म्हणाले. शेजारी बसलेल्या बहिणीनेही मान हलवली.

"रक्तात औषध तर अगदी हवं तेवढं आहे. मग बिघडतंय कशाने, तेच कळेना."

दोघं दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. आता खरं काय ते सांगून टाकावं, म्हणून दादांनी तोंड उघडलं. तेवढ्यात तीच डोळे पुसत म्हणाली,



"दादा, माफ कर रे मला. द्यायची ती चांगली तरी द्यायला हवी होती मी."