ढब्बूच्या दहा लढती

सही करायच्या जागी त्याने पेन्सिलने फुलीसुद्धा मारून ठेवली होती. बायकोने कागद वाचला, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"यावर मी सही नाही करणार," ती म्हणाली.

कागदावर सहा आकड्यांखाली एकच वाक्य होतं : 'साठही लढती मी पूर्ण ताकदीने लढले आहे.'

तो वजनमापं तपासणारा निरीक्षक. तळ घासून हलकं केलेलं वजन नुसतं हातात घेऊन ओळखायचा. ऑफिसातली प्रमाण वजनं मखमली पेटीत असत आणि तो त्यांना उघड्या बोटांनी शिवत नसे. बोटांचा घाम लागूनही वजन बदलतं म्हणे. घरी आणलेल्या कशावरही त्याचा सहज विश्वास बसत नसे. दुधाची पिशवी, वाण्याची साखर, नव्या संसारात एकदा तर कॅरमचा स्ट्रायकरही त्याने ऑफिसात नेऊन तोलून आणला होता.

असा हा चोख माणूस वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मोबाइलवर मॉन्स्टर पकडायचा. पकडायचे, पोसायचे, सहा जणांचा संघ करून दुसऱ्यांच्या मॉन्स्टरांशी लढवायचे. खेळणाऱ्यांचा अकरा जणांचा ग्रुप होता. कुठला मॉन्स्टर कितव्या नंबरावर, ही यादी करायचं काम ग्रुपने त्याच्याकडे दिलं. निकष चोख हवेत तर माणूस काट्याचाच हवा, असं सगळ्यांना वाटलं. त्यालाही वाटलं, जरा जास्तच वाटलं.

पहिल्या यादीत त्याने ढब्बूला पहिला नंबर दिला. ढब्बू म्हणजे चिखलाचा, बुटका, पोट सुटलेला मॉन्स्टर. त्याने पकडलेला पहिलावहिला. ग्रुपमधल्या दातांच्या डॉक्टरने खाली लिहिलं, 'आपला तो बाब्या.' आठ जणांनी हसरे चेहरे टाकले. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेवीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं नव्हतं आणि इथे एका चिखलाच्या गोळ्यापायी पक्षपाती ठरायची पाळी आली.

त्याने जाहीर केलं, नव्याने कसोटी घेतो. पहिले सहा मॉन्स्टर एकाच लेव्हलवर आणायचे. प्रत्येकाने एकाच प्रतिस्पर्ध्याशी दहा लढती खेळायच्या. जुनी ओळख नाही, लाड नाहीत. ढब्बू पहिल्या तिनांत आला नाही तर तो संघाबाहेर, आणि यादीचं काम मीही सोडतो.

प्रतिस्पर्धी म्हणून त्याने बायकोला घेतलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन. खेळ त्यानेच शिकवलेला, हात बरा, आणि कुठल्याच मॉन्स्टरचं तिला सोयरसुतक नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी लढती झाल्या. ढब्बूने दहापैकी नऊ जिंकल्या. बाकी कुणी सहाच्या वर गेलं नाही. आता तिची सही झाली की कागदाचा फोटो डॉक्टरच्या तोंडावर मारायचा होता.

"का? चुकलंय काही?" त्याने विचारलं.

"पन्नास लढतींचं बरोबर आहे. ढब्बूच्या दहा मी सोडल्या."

"दहा कशा? एक तर तू जिंकलीस."

"दहापैकी दहा दिल्या असत्या तर तुलाच संशय आला असता."

तो खाली बसला. "पण का?"

"मागे ढब्बू हरला तेव्हा तू स्वयंपाकघरातला काटा तपासायला काढलास. मग माझी शिवणाची टेप. मग पोरीचं दप्तर तोललंस आणि शाळेला पत्र लिहिलंस. घरात शांतता हवी तर ढब्बू जिंकलेला बरा, असं आमचं ठरलं."

"आमचं म्हणजे?"

"पोरीचं आणि माझं."

"इतकं सगळं केलंस, मग सहीच तेवढी का नको?"

"हरायला काय जातंय? पण खोट्या रिपोर्टवर मी सही करत नाही."

हेच वाक्य तो ऑफिसात महिन्यातून दोनदा तरी म्हणायचा.

"चल, परत खेळू," तो म्हणाला. "या वेळी खरं."

पहिली लढत चहा उकळायच्या आत संपली. चहा निवेपर्यंत ढब्बू सहा हरला होता. आठवीला त्याने चार्जरची वायर हलवून पाहिली. बायकोने त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याने वायर मुकाट्याने सोडली. दहावी झाल्यावर त्याने नऊचा आकडा खोडून शून्य लिहिलं, ढब्बूला स्वतःच्या हाताने संघाबाहेर काढलं आणि ग्रुपवर टाकलं : 'ढब्बू सहावा. यादी आजपासून डॉक्टर करतील.'

त्याला ढब्बूचं वाईट वाटत होतं, पण स्वतःची लाज त्याहून जास्त वाटत होती. गावभरची वजनं तपासत हिंडलो आणि घरात मात्र दोघी आपल्यालाच मखमली पेटीत ठेवून, बोट न लावता जपत होत्या. बरं, आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

बायकोने कागद पुढे ओढला, सहाही आकडे एकदा बघितले आणि फुलीवर सही केली.

तो कपाटाकडे बघत बसला. कपाटावर कॅरमबोर्ड होता. एकोणीस वर्षं तो या घरातला चॅम्पियन होता, आणि येईल त्या पाहुण्याला हे सांगत होता.

"आणि कॅरम?" त्याने हळूच विचारलं.

बायकोने पेनचं टोपण लावलं.

"तू स्ट्रायकर तोलून आणलास ना, त्या दिवसापासून."