बारा म्हणजे बारा

"अहो मिस्त्री, तप झालं इथं उभा आहे मी!" कुलपं न्यायला आलेला गोदामवाला करवादला.

मिस्त्रींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सात मिनिटं झालीत. तप म्हणजे बारा वर्षं. बसा."

आतल्या बाकावर काम करणारीला हसू आलं. तिला सगळा कारखाना 'कानस' म्हणायचा. जसा हात चालायचा, तसंच तोंडही. पण ते हसू टिकलं नाही. आज तिचं खरोखरीचं तप पुरं होत होतं, आणि सकाळपासून मिस्त्रींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

कुलपांच्या या कारखान्याची रीत जुनी. बारा वर्षं कुलपं घडवायची, पण खुणेचा ठसा आपल्या हातात नाही. तयार कुलूप मिस्त्रींच्या खोलीत द्यायचं. ते दार लावून तपासणार, पोलादी ठशाने खूण उमटवणार आणि कागदात गुंडाळून थेट गिऱ्हाइकाला देणार. ठसा नवा असला की बोटाला सुईसारखा टोचतो. हजारएक कुलपांवर घाव बसले की त्याच्या कडा बोथट होतात. तप पुरं झालं आणि काम पसंत पडलं, तर मिस्त्री तुमच्या खुणेचा ठसा तुमच्या हातात ठेवणार. नाही पडलं, तर बसा जन्मभर दुसऱ्याच्या नावाची कुलपं घासत.

पाचव्या वर्षी तिने मोठ्या हौसेने चिठ्ठीवर एक मासा काढून दिला होता, खवल्याखवल्यांचा. "काका, माझी खूण ही."

"कुलपावर मासा? गंजेल की गं!" पॉलिशवाला खो खो हसला होता.

मिस्त्रींनी चिठ्ठी खिशात कोंबली. "पाचाचं तप होत नाही, पोरी."

दहाव्या वर्षी ती पुन्हा बोलली होती. "लोक दोन वर्षं भेटले नाहीत तरी 'तप लोटलं' म्हणतात. तुम्हीच तेवढे अडून बसलात."

"लोकांच्या तोंडाला घालायचं कुलूप मी बनवत नाही. बारा म्हणजे बारा."

असा राग यायचा तिला! आणि त्याच मिस्त्रींनी तिचं कुलूप कानाशी धरून किल्ली फिरवली, नुसतं "हं" म्हणाले, की दिवसभर तिची मान ताठ असायची.

आज तिच्या पिशवीत समोरच्या कारखान्याची चिठ्ठी होती. 'उद्यापासून या. पहिल्याच दिवशी तुमची स्वतःची खूण.'

बाहेर गोदामवाला सांगत होता, "हे बघा, गेली चार-पाच वर्षं नेतोय ना, त्यातलीच द्या. दुसरी मला नकोत."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. स्वारी अशी काही फुलली होती, की विचारू नका.

घडवायची आम्ही आणि मिरवायचं यांनी, तिच्या मनात आलं. तिने कानस जरा जोरातच ओढली.

संध्याकाळी भोंगा झाला. तिने बाक पुसला, पिशवी उचलली.

"निघालीस?" मिस्त्री दारात उभे होते.

"निघाले. बारा झाली, काका."

"नाही झाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आली होतीस तू. अजून चार मिनिटं आहेत."

आता या माणसाला काय म्हणावं! ती उभी राहिली. तेही उभे राहिले. दोघं घड्याळाकडे बघत होती.

काटा दहाव्या मिनिटावर आला. मिस्त्रींनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"माझ्या हाताखाली असं काम कुणी केलं नाही. मीसुद्धा नाही. अभिमान वाटतो तुझा."

तिचे डोळे भरून आले. "मग इतकी वर्षं का छळलंत मला?"

"तप झाल्याशिवाय ठसा हातात द्यायचा नाही, अशी रीत आहे," मिस्त्री म्हणाले. "आजवर तुझ्या हातात मी तो दिला नाही."

समोरच्या कारखान्याची चिठ्ठी तिने तिथंच फाडली. मग फडकं उलगडलं. मासा होता, तिचाच. नवा ठसा टोचणार म्हणून तिने जपून त्यावरून बोट फिरवलं.

काहीच टोचलं नाही. माशाचे खवले केव्हाच झिजून गुळगुळीत झाले होते.