ओघळ

"खाली. अजून खाली. अगं, खाली म्हटलं मी, जमीन असते तिकडे!"

उस्ताद व्हॅनच्या बाहेर स्टुलावर बसले होते, तळहात पत्र्यावर दाबून. त्यांची लेक आत उकिडवी बसली होती, हातात लाकडी हातोडा घेऊन. पोचा आतून काढायचा, पण भरला की नाही ते बाहेरून कळतं. म्हणून एकाने आतून ठोकायचं आणि दुसऱ्याने बाहेरून हाताला लागेल तसं सांगायचं, ही ह्या शेडची पद्धत.

"अप्पा, नीट सांगा की!"

"नीटच सांगतोय. तुझ्या आईचीही हीच तक्रार असायची."

बारा माणसांची व्हॅन, वय बेचाळीस. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकने कुशीत धडक दिली आणि परातीएवढा पोचा पडला. गाडी सोडून जाताना मालकीणबाईंनी एकच अट घातली होती. रंग हाच राहिला पाहिजे.

"अट घालायला काय जातंय?" उस्ताद तेव्हाच पुटपुटले होते. "जुना रंग म्हणजे अंड्याचं कवच. ठोकलं की तडकलं."

तो मोरपंखी रंग उस्तादांनीच दिलेला, ह्याच शेडमध्ये. त्यांनी रंगवलेल्या बाकीच्या गाड्या भंगारात गेल्या, नाहीतर कुणीतरी त्यांच्यावर दुसरा रंग फासला. ही एकच उरली. आता उस्तादांचा हात इतका कापतो की चहा पिताना निम्मा बशीत सांडतो. हा रंग गेला की त्यांच्या हातचं जगात काही म्हणता काही उरणार नव्हतं. लेकीला ते ठाऊक होतं. म्हणून ती सकाळपासून गरम पाण्याच्या पिशवीने पत्रा शेकत होती, दुखरी पाठ शेकावी तसा.

आणि उस्ताद? उस्तादांच्या खिशात कोरा करकरीत पॉलिश पेपर होता. रंग खरवडायचा.

कारण त्या रंगात एक ओघळ होता. रंग जास्त बसला की खाली धावतो आणि तसाच वाळतो. मधल्या खिडकीखाली, करंगळीच्या पेराएवढा, आणि आता नेमका पोच्याच्या काठावर आलेला. दुसऱ्याच्या कामात ओघळ दिसला की उस्ताद त्याला आठवडाभर टोमणे मारायचे. स्वतःचा हा एकच. गाडी त्याच दिवशी द्यायची होती, राहून गेला. तेव्हापासून ही व्हॅन रस्त्यात दिसली की ते मान फिरवायचे. आज रंग तडकला तर सगळी बाजू घासणं आलंच. लेक नवा रंग मारेल, झकास मारेल, आणि विषय संपेल.

"अप्पा, बोला! शेवटचा ठोका राहिलाय. कुठे?"

कुठे ते तळहाताला स्वच्छ कळत होतं. ओघळापासून दोन बोटं डावीकडे. आणि ठोका ओघळावरच बसला तर? तिथे रंग सगळ्यात जाड, लगेच फुटला असता. कुणी काही म्हणालं नसतं. जुना रंग, तडकला.

उस्तादांनी दुसऱ्या हाताने खिशातला पॉलिश पेपर चाचपला.

"अप्पा?" आतून आवाज आला. मग जरा हळू, "हात भरून आला का? थांबू मी?"

सकाळपासून त्या पोरीच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता आणि ती विचारत होती ह्यांच्या हाताचं. उस्तादांना स्वतःचीच शरम वाटली.

"थांबतेस कसली? उजवीकडे घे. तुझ्या उजवीकडे. दोन बोटं. आणि अलगद, झोपलेल्याला उठवावं तसं."

ठक्.

आणि पत्रा स्वतःहून बोलला, टण्ण! उस्तादांच्या तळहाताला आतून धक्का बसला. हाताखाली पोचा नव्हता.

लेक उडी मारून बाहेर आली आणि पत्र्याला नाक लावून इंच इंच बघत गेली. "तडा नाही! अप्पा, एक तडा नाही!" हातोडा नाचवत तिने शेडला फेरी मारली. कामाच्या जागी धिंगाणा नको म्हणून उस्ताद ओरडणार होते. पण हसू आवरेना, डोळेही भरले.

मालकीणबाई आल्या त्या कुणाशी न बोलता थेट मधल्या खिडकीपाशी गेल्या. तिच्याखाली अंगठा फिरवला.

"आहे गं बाई!" त्या खुदकन हसल्या. "रोज गाडी काढण्याआधी इथे अंगठा टेकवायचे. माझं आपलं खूळ. त्या दिवशी घाईत राहिलं, आणि बसला की हो ट्रक! कुणी केलंय हे, देव जाणे."

उस्ताद स्टुलावरून उठले.

"मी," ते छाती काढून म्हणाले. "माझी चूक आहे ती."

मग त्यांनी वाकून नीट बघितलं, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. अंगठ्याने घासून घासून ओघळ गुळगुळीत झाला होता. आख्ख्या गाडीत तेवढा ठिपका सगळ्यात जास्त चमकत होता.

चहा आला. टेबलाचा एक पाय आखूड, कप ठेवताच ते डुगडुगलं. उस्तादांनी खिशातून पॉलिश पेपर काढला, चार घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवला. लेकीने तो कोरा कागद पाहिला, मग बापाकडे पाहिलं.

"बघतेस काय?" उस्ताद म्हणाले. "टेबल किती वर्षं हलतंय, कुणाचं लक्ष आहे का!"