पटावर शून्य

‘विद्यार्थी नसल्यामुळे २०११ साली ही शाळा बंद पडली. त्यानंतर रिकाम्या इमारतीत सुरक्षा दलाचा कॅम्प सुरू झाला.’

भिंतीवरचा फलक वामनरावांनी दुसऱ्यांदा वाचला. कॅम्प गेल्या वर्षी उठला होता. काटेरी तारा निघाल्या, वाळूची पोती निघाली. एटापल्लीपलीकडच्या या गावातल्या त्या चार खोल्यांत आज वाचनालय आणि शिवणकामाचं केंद्र सुरू होणार होतं. शाळेचे शेवटचे मुख्याध्यापक म्हणून वामनरावांना मानानं बोलावलं होतं. भद्रावतीहून निघताना पत्नी कमलाबाईंनी त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून दिला होता.

"सर, ओळखलं नाई ना? मी नंदिनी. तिसरीत होती."

वाचनालय आता तीच सांभाळणार होती. वामनरावांनी फलकाकडे बोट केलं.

"हे कोणं लिहिलं, बेटा?"

"मीच. सरकारी दप्तरात जसं आहे तसं."

"पण शाळा तर भरत होती. तुले माहीत आहे."

"मले माहीत आहे, सर. पण माझ्या सांगण्यानं दप्तर कसं बदलन? मी तर त्यात नाईच."

ती रागावलेली नव्हती. तरी वामनरावांना तिच्याकडे बघवेना.

त्या साली पटावर एक्केचाळीस मुलं होती. तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले होते, कॅम्पसाठी चालू शाळेची इमारत घेता येत नाही, कागदावर ती रिकामी पाहिजे. वामनराव भेदरलेले होते. गोळीबाराच्या आवाजांनी त्यांची झोप उडाली होती आणि बदलीचा अर्ज सहा वर्षं पडून होता. एका दुपारी त्यांनी पटसंख्येच्या रकान्यात शून्य लिहिलं. खाली सही केली. पंधरा दिवसांत बदलीचा आदेश आला. दिवाळीनंतर शाळा भरेल, असं मुलांना सांगून ते निघून गेले.

"बाकीची पोरं कुठी गेली मग?" त्यांनी विचारलं.

"आमी सहा जण आश्रमशाळेत गेलो. बाकीचे कुठीच नाई गेले."

बाहेर माइकवरून सरपंच वामनरावांचं नाव पुकारत होते. मंडपात गाव जमलं होतं. सरपंचांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. "शेवटपर्यंत आपल्या शाळेत राह्यलेले गुरुजी," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या.

वामनरावांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"फलकावर लिहिलं ते खोटं आहे," ते म्हणाले. "शाळा रिकामी नव्हती. एक्केचाळीस पोरं होती. मले बदली पाहिजे होती, म्हणून शून्य मी लिहिलं."

सरपंच खाली बघू लागले. वामनरावांना वाटलं, आता कोणी शिवी देईल. कोणी दिली असती तर बरं झालं असतं.

मागच्या रांगेतून एक माणूस उठला. पंचविशीतला असेल. कडेवर लहान मुलगी होती.

"एक्केचाळीस होते म्हणता, तर नावं सांगा, सर."

वामनरावांनी माइक घट्ट धरला. "नंदिनी," ते म्हणाले. "चंदन. खुशबू. डोमा. झाडू..." रोज सकाळी ते हीच हजेरी घेत. नवव्या नावानंतर ते अडखळले. त्यांनी डोळे मिटले. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच येऊन थांबले.

समोर सगळे बसले होते. पुढचं नाव कोणीच सांगितलं नाही.

मागचा माणूस अजून उभाच होता. वामनराव त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्याचं नाव त्यांना आठवेना, आणि त्यानंही ते सांगितलं नाही.