सविस्तर चर्चेअंती

निर्णयप्रक्रियेत स्त्रीला मानाचं स्थान मिळाल्याखेरीज उद्योगाची खरी प्रगती होत नाही. वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानावर, अध्यक्षांच्या फोटोखाली, हे वाक्य छापलेलं होतं. शिवाय कायद्याप्रमाणे संचालक मंडळावर एक बाई लागायचीच. सहा वर्षं ती खुर्ची अध्यक्षांच्या पत्नीने सांभाळली. मग त्यांचे गुडघे गेले. बैठकीची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. म्हणून सूनबाई.

सूनबाईंना घरून सूचना होत्या: पुष्पगुच्छ घ्यायचा, चहा प्यायचा, सही करायची. फाइल वाचायला कुणी सांगितलं नव्हतं. पण लग्नाआधी त्या दुसऱ्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होत्या. जुनी खोड.

पान एक्केचाळीस. बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी पुढे ढकलण्यास मान्यता. तिसऱ्यांदा. तपासणी म्हणजे बॉयलर चार दिवस बंद, आणि खोक्यांच्या ऑर्डरी थांबायला तयार नव्हत्या. बॉयलरच्या भिंतीला लागूनच घडीविभाग होता. तिथे दर पाळीला चौसष्ट बायका पुठ्ठ्याची खोकी दुमडत बसायच्या. वर येण्याआधी सूनबाईंनी त्या भिंतीला हात लावून पाहिला होता, आणि झटकन मागे घेतला होता.

ठराव भराभर सरकत होते. चिटणीस वाचायचे, बाकीचे माना डोलवायचे. सूनबाईंनी पान एक्केचाळीस उघडून ठेवलं. वाक्य त्यांनी सकाळी आंघोळ करताना तीनदा म्हणून पाहिलं होतं. फक्त सुरुवात 'सर' म्हणून करायची की 'बाबा' म्हणून, ते ठरलं नव्हतं. सहावा ठराव आला तेव्हा त्यांनी दोन्ही गाळून टाकलं.

"या ठरावाला माझी हरकत आहे. तो व्हॉल्व्ह अडकला, तर भिंतीपलीकडची एकही बाई वाचायची नाही."

कपातला एक चमचा वाजायचा थांबला. शेजारी बसलेला नवरा, तोही संचालकच, पुटपुटला, "अगं, पहिल्याच दिवशी?" दोघे ज्येष्ठ संचालक छत न्याहाळू लागले. सासरा-सुनेचं प्रकरण, मध्ये कोण पडणार.

अध्यक्ष मायेने हसले.

"सूनबाई, आपण घरी बोलू."

बैठकीचं इतिवृत्त चिटणिसांनी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवलं होतं. 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' माणूस प्रामाणिक. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि 'चर्चेअंती'च्या आधी बारीक अक्षरात 'सविस्तर' असं घातलं. सर्वानुमते कसं, असं सूनबाईंनी विचारलं, तेव्हा आठवा ठराव चालू होता.

परतताना त्यांनी गाडीत विषय काढायला तोंड उघडलं. सासऱ्यांनी डोळ्यांनीच पुढच्या सीटकडे खूण केली. ड्रायव्हरसमोर नको. ड्रायव्हरची बायको घडीविभागातच होती. सूनबाई घरापर्यंत त्याच्या मानेकडे बघत राहिल्या.

घरी पानं वाढलेली होती. खुर्ची पाठीला बरी आहे ना, असं सासूबाईंनी आपुलकीने विचारलं. बरी आहे, म्हणाल्या सूनबाई, आणि एक घासही न घेता त्यांनी व्हॉल्व्हचं सगळं सांगितलं. किती दाब, किती वर्षं जुना, काय होऊ शकतं.

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. ते रागावले नव्हते. दुखावले होते.

"हे बघ बाळ, चाळीस वर्षांत ऑफिसची एक गोष्ट मी या टेबलावर आणलेली नाही. विचार हिला. तूही आणू नकोस."

सासूबाईंनी मान हलवली. ते खरंच होतं. सहा वर्षं संचालक असूनही त्यांना बॉयलर कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.

"मग मी बोलायचं कुठे, बाबा?"

"बैठकीत. संचालक आहेस आता तू. घाबरायचं नाही, ठणकावून बोलायचं."

त्यांना सुनेचं मनापासून कौतुक वाटत होतं.

पुढची बैठक तीन महिन्यांनी होती.