सगळे पाइप हिरवे

चेन्नईतल्या आमच्या गल्लीत डांबराचे थर चढून चढून रस्ता घरांच्या वर गेलाय, त्यामुळे पाऊस आला की पाणी थेट देवघरात येतं. शेवटी आम्ही सात जणांनी जॅक लावून घरं उचलून घ्यायचं ठरवलं आणि ते काम करणाऱ्या मुत्तय्याला बोलावलं.

नेमके तेव्हाच नव्या गटाराचं डिझाइन करणारे इळंगोसर लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी एक बटण दाबून शंभर वर्षांतला सगळ्यात मोठा पाऊस पडद्यावरच्या आमच्या गल्लीवर पाडून दाखवला. इतका आज्ञाधारक पाऊस आम्ही जन्मात पाहिला नव्हता; एकही पाइप तुंबून लाल झाला नाही.

"बघा, सगळे हिरवे! अख्ख्या भागात थेंबभर पाणी साचणार नाही. अडाण्यासारखी घरं काय उचलताय, मामी?"

आमच्या सात जणांतल्या वेदवल्ली मामी ओशाळल्या. "मग राहू दे रे मुत्तय्या. ने तुझे जॅक परत."

मुत्तय्याने तोंडातलं पान शांतपणे गालात सरकवलं.

"नेतो की, मामी. पण सर, मागच्या गल्लीतलं तुमचं घर चार फूट उचलून झालंय. तिथेच थांबू, की काल म्हणालात तसं अजून एक फूट वर घेऊ?"